कन्या ३

आमच्या कुलमंडळाला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त डिसेंबरात वाईला दोन दिवसांचं कुलसंमेलन ठरलंय आणि कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकाची, नवी आवृत्तीही तेव्हाच निघणार आहे. भाऊ सिंगापूरला असतो, म्हणून आमच्या घरची माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्म भरायला घेतला आणि अर्ध्यावर थांबले. का थांबले ते इथे सविस्तर लिहिते आहे. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढं मोठं लिहिणं बरं दिसत नाही, आणि हा प्रश्न आमच्या एकट्या आडनावाचा नाही.

फॉर्ममध्ये ‘पुत्र’ या मथळ्याखाली नाव, जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचं नाव, तिचं माहेर, अपत्यं असे रकाने आहेत. ‘कन्या’खाली नाव, विवाहानंतरचं नाव आणि गाव. शेवटी एक सूचना: कन्येच्या अपत्यांची माहिती भरू नये. भावाचा रकाना मी पूर्ण भरला, त्याच्या मुलांची शिक्षणंही लिहिली. माझ्या रकान्यात तीन शब्द लिहून झाले आणि पुढे जागाच नव्हती. मला दोन मुलं आहेत. मामाच्या घरची, म्हणजे आमच्या घरची, पुरणपोळी खाऊनच ती मोठी झाली.

तरी हा फॉर्म जुन्या पुस्तकापेक्षा पुढे आहे, हे आधी मान्य करते. १९७६ चा आमचा कुलवृत्तांत हिरव्या कापडी बांधणीचा आहे. त्यात आजोबांच्या नोंदीत काका आणि बाबा यांची नावं, जन्मसालं, कोण कुठल्या खात्यात नोकरीला हे सगळं आहे, आणि ओळीच्या शेवटी दोनच शब्द: ‘कन्या ३’. माझ्या तीन आत्या. त्यातली मधली आत्या मॅट्रिक झालेली, पुढे डीएड करून तीस वर्षं कऱ्हाडकडे शाळेत शिकवत होती.

ज्यांनी ते पुस्तक केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी काय कष्ट घेतले असतील याची आज कल्पना येत नाही. शेकडो पोस्टकार्डं पाठवली. एसटीने गावोगाव फिरले. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपड्यांतून कोण कधी येऊन गेलं ते उतरवून आणलं, पुण्यात पेशवे दफ्तरात बसून मोडी वाचून घेतली. कोकणातून घाट चढून आलेला मूळ पुरुष, त्याचे चार मुलगे, त्यांच्या शाखा, कोण वाईला राहिलं, कोण इंदूरकडे गेलं, हे सगळं त्यांनी निवृत्तीनंतरच्या वेळात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून जुळवलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने कुठल्या साली कुठे यात्रा केली ते त्यांनी शोधून काढलं. माझ्या आत्या मात्र त्या वेळी हयात होत्या आणि एका पोस्टकार्डाच्या अंतरावर होत्या. तेव्हाची रीतच तशी होती. पण रीत त्यांची होती, पुढची आवृत्ती आपली आहे.

त्या पुस्तकात आणखी एक शब्द आहे, तो मला लहानपणापासून टोचतो. निर्वंश. आमच्या एका चुलत आजोबांच्या नावापुढे तो छापलाय. या आजोबांना चार मुली होत्या. चौघींची लग्नं झाली, मुलंबाळं झाली. त्यांचा एक पणतू आज पुण्यात माझ्या शेजारच्या सोसायटीत राहतो, दिसायला हुबेहूब पणजोबांसारखा, तसंच रुंद कपाळ. आणि पुस्तक म्हणतं वंश नाही. त्याच पुस्तकात तीन पानं पुढे एक दत्तकाची शाखा आहे. दुसऱ्या घराण्यातून आलेला मुलगा, त्याची पुढची सहा पिढ्यांची माणसं, सगळी नावानिशी. ती असायलाच हवीत, ती आपलीच आहेत. पण मग रक्ताचं नातं हा काही आपला नियम नव्हता, हेही कबूल करायला हवं. नियम फक्त आडनावाचा होता.

आणि आडनाव तर सोडाच, आमच्या बायकांची नावंसुद्धा टिकत नव्हती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून बाई त्या नावाची व्हायची. मधल्या आत्याच्या सासरच्या घराण्याचाही कुलवृत्तांत निघालाय. मी तो मुद्दाम मिळवून पाहिला. त्यात ती आहे, पण तांदळावरच्या नावाने, कंसात आमचं आडनाव. आमच्या पुस्तकात ती आकडा आहे. तिच्या आईने बारशाला ठेवलेलं नाव, ज्या नावाने ती अठरा वर्षं वाईत वावरली आणि शाळेत पहिली आली, ते या दोन्ही पुस्तकांत नाही. दोन घराण्यांनी आपापल्या परीने नोंद ठेवली आणि बाई मधल्या मध्ये हरवली.

ती दोन्ही नावं एकत्र असलेला एकच कागद मला सापडला. १९८८ साली मधल्या आळीतला आमचा वाडा विकायचा ठरला. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलीही वारस, त्यामुळे तिघी आत्यांच्या सह्या लागणार होत्या. तेव्हा त्या कुठे असतात, त्यांचे पत्ते काय, हे सगळं आठवड्यात समजलं. तिघींना दुय्यम निबंधक कचेरीत आणलं, दुपारी जेवण, साडी, ओटी, सगळं रीतसर झालं. हक्कसोडपत्रात मधल्या आत्याचं नाव असं आहे: सासरचं नाव, आणि पुढे ‘पूर्वाश्रमीची’ असं म्हणून माहेरचं. खाली तिची शिक्षिकेची वळणदार सही. मी तिथे हजर होते. आत्याने कधी याबद्दल तक्रार केली नाही, उलट भावांना अडचण नको म्हणून तिने लगेच सही केली. तक्रार माझी आहे. हक्क सोडायच्या कागदावर जिचं नाव अचूक लिहिता येतं, तिचं नाव वंशावळीत लिहायला काय अवघड होतं?

त्यानंतर कायदा कुठच्या कुठे गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखी जन्माने सहदायाद, म्हणजे वाटेकरी, मानलं, अर्थात तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं. २००५ मध्ये ते देशभर झालं, लग्नाची अट न ठेवता. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही. १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं. सातबारा आणि जन्मदाखला आपल्या कुलवृत्तांताच्या पुढे गेले.

कोणी म्हणेल, हे कायद्याचं झालं, परंपरेचं काय. परंपरेचंच सांगते. पितृपक्षात महालय श्राद्धाला बाबा बसायचे तेव्हा मी शेजारी दर्भ, तीळ द्यायला असायचे. आई, आजी, पणजी यांची नावं घेतली जात. आईच्या वडिलांची, त्यांच्या वडिलांची घेतली जात. मग काका, मामा, आणि गेलेली आत्याही, तिच्या गोत्राने, तिच्या पतीसह आणि अपत्यांसह. ज्या पोथीवर आमचे बुजुर्ग इतके विसंबतात तिच्यातच आत्याला मुलाबाळांसकट जागा आहे. गोत्र बदललं म्हणून पाणी थांबत नाही. मग छापील पुस्तकात जागा नाही असं कुठल्या परंपरेने म्हणायचं? आणि आपली कुलस्वामिनी कोण, तर अंबाजोगाईची योगेश्वरी. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला, वऱ्हाड तिथेच दगडाचं झालं आणि देवी कुमारिकाच राहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सासरी न गेलेल्या देवीपुढे आपण कुलाचार करतो.

संमेलन वाईला होतंय याचा मला फार आनंद आहे. सुरुवातीला पुण्यातल्या एका वातानुकूलित हॉलचं चाललं होतं, पार्किंगच्या सोयीसाठी. वाईचा आग्रह धरणाऱ्यांत मी होते. पुण्याहून सुरूर फाट्याला वळलं की दोन-अडीच तासांत माणूस घाटावर उभा राहतो. ढोल्या गणपतीची ती माशाच्या आकाराची मागची भिंत पुराचं पाणी कशी कापते, हे नातवंडांना फोटोत दाखवून कळत नाही. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट, तिथली वसईहून आलेली १७०७ सालची घंटा, हे सगळं दुसऱ्या दिवशी बघायचंय. शिवाय वाई हे कागद जपणारं गाव आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो वाईत मिळालेल्या पानिपतच्या काळातल्या पत्रांवर. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात चाललं, आणि त्याचा पहिला खंड १९७६ चा, आपल्या मंडळाच्या जन्मवर्षाचा.

पण मला वाई म्हटलं की आठवते ती कृष्णाबाई. नदीला बाई म्हणणारं, तिची मूर्ती मांडवात बसवून घाटोघाट पाळीपाळीने उत्सव करणारं हे गाव. आळीची कृष्णाबाई बसली की तिघी आत्या माहेरी यायच्याच. वाडा भरून जायचा. आजी म्हणायची, बाई आली म्हणून पोरी आल्या. २०१६ मध्ये गुरू कन्या राशीत आला, कन्यागत लागलं. या पर्वात गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा. मधली आत्या एक्क्याऐंशी वर्षांची होती, म्हणाली मला ने. आम्ही गेलो. वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे, तिकडे तिने एकदाच पाहिलं. मग पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले आणि आळीतली घरं एकेक करून सांगत गेली: इथे कोण, त्यांच्या मुली कोण, कुठे दिल्या. मुलींची नावं, पन्नास-साठ तरी. मी फोनवर रेकॉर्ड केलं नाही. याचं दुःख मला अजून आहे.

२०१९ मध्ये आत्या गेली. दिवस झाल्यावर आतेबहिणीने तिच्या कपाटातला कुलवृत्तांत मला दाखवला. तपकिरी कव्हर घातलेलं, आत शाळेच्या पुस्तकासारखी नावाची चिठ्ठी. आजोबांच्या पानावर ‘कन्या ३’च्या शेजारी समासात, पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात तिघी बहिणींची माहेरची नावं, जन्मतिथी, आणि प्रत्येकीच्या मुलांची नावं लिहिलेली. पुढची पानं उलटली. जिथे जिथे ‘कन्या’ आणि आकडा आहे, तिथे जेवढ्या तिला माहीत होत्या तेवढ्या सगळ्यांची नावं. ‘निर्वंश’च्या शेजारी चार नावं. त्या शब्दावर तिने काट मारलेली नाही. फक्त चार नावं लिहिली आहेत. आत्याने हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

कार्यकारिणीतल्या काकांशी मी बोलले. त्यांची अडचण खोटी नाही. लेकींची मुलं घेतली, मग त्यांची मुलं, असं करत पुस्तक कधी संपायचंच नाही. छपाई महाग, पानं वाढतात. माझं म्हणणं एवढंच की सीमा घाला, पण सगळ्यांना सारखी कळेल अशी घाला. प्रत्येक लेक जन्मनावाने, शिक्षण-व्यवसायासह, आणि तिच्या अपत्यांची एक पिढी. ज्या लेकींना आपली शाखा पुढे चालवून हवी त्यांची पुढची माहिती संगणकावर ठेवा, तिथे पानं मोजावी लागत नाहीत. ‘निर्वंश’ हा शब्द सगळीकडून काढा. आणि हो, पूर्ण जन्मतारखा आणि मोबाइल नंबर मात्र कुणाचेच छापू नका, आजच्या काळात ते धोक्याचं आहे.

सभासदत्वाचंही बघायला हवं. आज लग्न झालेली लेक ‘सहयोगी सभासद’ असते. वर्गणी घेतात, सभेत मत नाही. कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी ‘माहेरवाशिणींची ओटी’ ठेवली आहे, ती मी आनंदाने भरून घेईन, आईची आठवण येईल. पण आदल्या संध्याकाळी वार्षिक सभा आहे, तिथे मला हातही वर करायचाय. घटनेत तसा बदल सुचवणारा अर्ज मी पाठवलाय. आतापर्यंत एकवीस जणांनी सही केली आहे, त्यात नऊ पुरुष आहेत. सगळ्यात पहिली सही भावाची.

आत्याचं नाव मी या पोस्टमध्ये कुठे लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. ते पहिल्यांदा छापलं जाईल ते तिच्या माहेरच्या पुस्तकात जावं, अशी माझी इच्छा आहे.

फॉर्म द्यायची मुदत दसऱ्यापर्यंत आहे. आमच्या घराण्यातल्या ज्या लेकी हे वाचताहेत त्यांनी ‘सूचना’ सोडून पूर्ण फॉर्म भरावा, जागा कमी पडली तर मागे कोरा कागद जोडावा, आणि आपल्या आजीचं, पणजीचं जन्मनाव कुणाला माहीत असेल तर तेही लिहावं. म्हाताऱ्या आत्या, मावश्या ज्यांच्या घरात आहेत त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसावं. आतेबहीण ती पेन्सिलीची प्रत घेऊन वाईला येणार आहे. पहिल्या दिवशी सकाळी, नावनोंदणीच्या टेबलाशेजारी आम्ही दोघी ती उघडून बसू. पेन्सिली मी आणते.