‘निम्मा पगार गोड मानून घ्यायचा का?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आशियात इंग्रजी शिकवायला जायचं तर देश कसा निवडावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. कोरिया आणि चीन यादीत तळाशी टाकून मी मुलामुलींची उमेद खचवली. थायलंड सुचवताना ‘गोऱ्या शिक्षकाच्या निम्मा पगार मिळेल’ असं लिहून भेदभाव गोड मानून घ्यायला सांगितलं. आणि इंग्रजी शिकवण्याच्या १२० तासांच्या टेफल प्रमाणपत्रावर भागत असताना बी.एड.चा आग्रह धरला. शेवटी तुम्ही विचारलंय, “आमचं इंग्रजी कुठे कमी पडतं ते तरी सांगा.” तुम्ही एम.ए., बी.एड. आहात, लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता आणि शिक्षक भरतीची वाट बघता आहात. त्यामुळे हा प्रश्न किती पोटतिडकीने आला असेल हे मला कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं इंग्रजी कमी पडत नाही. कोरियात परदेशी भाषा शिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा मुळात इंग्रजी बघतच नाही, पासपोर्ट बघतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका, एवढ्याच सात देशांच्या नागरिकांना तो मिळतो. यात दक्षिण आफ्रिका आहे हे मुद्दाम लक्षात घ्या. तिथे घरात इंग्रजी बोलणारे लोक दहा टक्क्यांहून कमी आहेत. बाकीच्यांच्या घरात झुलू, खोसा, आफ्रिकान्स अशा भाषा, आणि इंग्रजी येते ती शाळेतून, कचेरीतून. आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. इंग्रजी जिथली मूळ भाषा आहे ते देश आतल्या वर्तुळात. भारतासारखे देश, जिथे इंग्रजी बाहेरून येऊन रुजली आणि स्वतःच्या वळणाने वाढली, ते त्याच्या बाहेरच्या वर्तुळात. आणि इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणारे देश तिसऱ्या वर्तुळात. भाषाशास्त्राने हे मान्य केल्याला आता चाळीस वर्षं होत आली, व्हिसाचे नियम मात्र तिथेच अडलेले आहेत. हा अन्याय आहे, आणि मला त्याची चीड येते.

पण ती चीड मनात असताना मी तुम्हाला कोरिया सुचवला असता तर तुमचे पैसे बुडाले असते. कोरियात भारतीयांसाठी एक फट आहे, तीही सांगते. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्याखाली पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येतं. खाजगी शिकवणी वर्गांना, ज्यांना तिकडे हागवॉन म्हणतात, तो लागू नाही. आणि कोरियातल्या नोकऱ्यांच्या बहुतेक जाहिराती हागवॉनच्याच असतात. एजंट ‘करार आहे ना’ म्हणून जे दाखवतो, त्यात ही गोष्ट गाळलेली असते. चीनमध्येही भाषा शिकवणाऱ्याला ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व लागतं, हा सर्वसाधारण नियम. शिवाय जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि हजारो वर्ग बंद पडले. त्या आधीचे पगार सांगणारे व्हिडिओ अजून फिरताहेत, ते बघून निर्णय घेऊ नका.

जपानची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख नाही म्हणून इथे थांबते. जपानी शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी पासपोर्टची यादी नाही. तिथली अट अशी की जी भाषा शिकवायची त्या माध्यमातून तुमचं किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं. फिलिपिन्सचे कितीतरी शिक्षक या वाटेने जपानी शाळांमध्ये सहायक म्हणून काम करतात. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ही वाट खुली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांचं मात्र तिथे अवघड होतं, एम.ए. इंग्रजीत पहिला वर्ग असला तरी. तुमचं शालेय माध्यम कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. इंग्रजी असेल तर जपानचा विचार जरूर करा, आणि शाळेकडून माध्यमाचा दाखला आत्ताच लेखी घेऊन ठेवा.

आता पगाराकडे येते, कारण खरा राग तिथे आहे. मी थायलंडमध्ये शिकवत होते तेव्हा सहकाऱ्यांचे करार पाहिले आहेत. एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, आठवड्याला तेवढेच तास घेणाऱ्या ब्रिटिश शिक्षकाला ३५ ते ४० हजार बाथ, आणि फिलिपिन्सच्या किंवा भारतातल्या शिक्षिकेला १८ ते २५ हजार. कित्येकदा त्या शिक्षिकेकडे अध्यापनाची पदवी असायची आणि त्याच्याकडे नसायची. वर्गात चाळीसहून जास्त मुलं, सकाळी फाटकावर उभं राहण्याची पाळी, आठ वाजता झेंड्याला वंदन, मग तास. कामात फरक नाही, पगारात आहे. हे मी लेखात लिहिलं ते गोड मानून घ्या म्हणून नव्हे. विमानातून उतरल्यावर हे कळण्यापेक्षा करारावर सही करण्याआधी कळलं तर बोलणी करता येतात. शाळेशी थेट करार असेल तर एजन्सीचा वाटा वाचतो. करार बारा महिन्यांचा आहे की दहा महिन्यांचा, हे विचारायलाच हवं, कारण मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार त्यावर ठरतो. आणि तुमचा व्हिसा त्याच शाळेला बांधलेला असतो, म्हणजे मध्येच शाळा बदलायची तर सगळे कागद पुन्हा करावे लागतात. या तीन गोष्टी आधी ठाऊक असलेली बाई पाच हजार बाथ जास्त मागू शकते, आणि मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

बी.एड.चा आग्रह इथेच येतो. थायलंडमध्ये शाळेत शिकवायला व्हिसा आणि कामाचा परवाना यांखेरीज तिथल्या शिक्षक परिषदेची, म्हणजे कुरुसपाची परवानगी लागते. नुसती पदवी असेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती सूट मागते, ती दोन वर्षांची. बी.एड. असेल तर शिक्षकाच्या नियमित परवान्याकडे जाता येतं, आणि मग तुम्ही शाळेच्या मर्जीवर राहत नाही. टेफल प्रमाणपत्राला मी नावं ठेवत नाही. मोठ्या वर्गात मुलांना बोलतं करण्याची तंत्रं त्यात शिकवतात, तुम्ही ती जरूर शिका. पण परिषदेपुढे ते शिक्षणशास्त्राच्या पदवीची जागा घेत नाही. आपल्यासारख्यांना इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते, टोइक या चाचणीत ६०० गुण किंवा त्या तोडीचं काहीतरी. तुम्हाला ते सहज जमेल.

तुमच्या मैत्रिणीच्या भावाला कंबोडियात ‘लगेच नोकरी, मुलाखत नाही’ असा निरोप आलाय, तो त्याने स्वीकारू नये. कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमध्ये नोकरीच्या नावाखाली नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या भारतीयांना सोडवून आणावं लागलं आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटाला नियमाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. दीड-दोन लाख मागणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

तुमच्या जागी मी असते तर आधी मालदीव बघितलं असतं. तिथे शाळेचं माध्यम इंग्रजी, परीक्षा ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या, आणि भारतीय शिक्षक तिथे इतकी वर्षं आहेत की तुम्ही परक्या ठरणार नाही. बी.एड.ला किंमत आहे. राहावं लागेल ते बहुधा एखाद्या लहानशा बेटावर, जिथे संध्याकाळी करायला फारसं काही नसतं आणि राजधानी मालेला जायचं तर बोटीची वेळ सांभाळावी लागते. एकटेपणा सोसवेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पगार तिथल्या चलनात, म्हणजे रुफियात, मिळणार असेल तर घरी पैसे कसे पाठवायचे तेही विचारा. अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफिया असला तरी त्या दराने डॉलर मिळणं अवघड असतं. मालदीव नको असेल तर थायलंड. आखाती देशांतल्या भारतीय बोर्डाच्या शाळाही आहेत, पण तिथे तुम्ही भारतीय अभ्यासक्रम शिकवाल. तुम्हाला वेगळा वर्ग, वेगळी मुलं अनुभवायची आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तो पर्याय मी शेवटी ठेवला.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. थायलंडचं शैक्षणिक वर्ष मेमध्ये सुरू होतं, त्यामुळे भरती त्याच्या काही महिने आधीपासून चालते. नुसत्या गुणपत्रिका चालत नाहीत, विद्यापीठाचं मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं. मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन किंवा अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेला शिक्का), आणि देशानुसार दूतावासाचा शिक्का. आपल्या महाराष्ट्रातल्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि कुठे कुठे आईचंही नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी वेगळं. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि त्याचंही इंग्रजीत साक्षांकन करून ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तोही सोबत लावा.