माजी सैनिकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

माझे मामा निवृत्त हवालदार. एचआयव्हीच्या गोळ्या इतकी वर्षं न चुकता घेत होते. गेल्या महिन्यात मामींनी डबी उघडली, तर अठरा दिवसांच्या गोळ्या तशाच पडलेल्या. कारण माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज: "फौजीला एचआयव्ही म्हणजे बाहेरख्यालीपणा. दवाखान्यात नोंद झाली की पेन्शन बंद. गोळ्यांनी किडनी जाते. बरं वाटत असेल तर बंद करा, काढा घ्या." मामांना विचारून, त्यांचं नाव-गाव न सांगता हे लिहितोय.

आधी ते "बंद करा". अहो, बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच! औषधाने रक्तातला विषाणू दबतो, पण काही पेशींत दडून राहतो. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. गोळ्या मध्येच थांबवून काय होतं, हे 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत ५,४७२ रुग्णांवर तपासलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की थांबवणाऱ्या गटात गंभीर संसर्ग आणि मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त होता. काढ्याने हा विषाणू दबत नाही.

किडनीचं सगळंच खोटं नाही, हे मान्य करावं लागतं. टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधाचा काहींच्या किडनीवर परिणाम होतो. म्हणून तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) तपासतात, गरज पडली तर औषध बदलतात. पण त्यासाठी एचआयव्हीचे उपचार मिळतात त्या एआरटी केंद्रात जायला हवं ना?

आता चारित्र्य. ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवलं होतं त्या काळात, २००२ मध्ये, हवाई दलातल्या एका जवानाला जम्मूतल्या सांबाच्या लष्करी रुग्णालयात रक्त चढवलं. २०१४ मध्ये त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर दोघांना जबाबदार धरलं आणि सुमारे १ कोटी ५४ लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. त्या माणसाला बाहेरख्याली म्हणणार? आणि समजा कुणाला संबंधांतून झाला, म्हणून त्याने औषधाविना मरायचं? मामांना कसा झाला हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

पेन्शन केलेल्या नोकरीची असते, एचआयव्हीमुळे ती थांबत नाही. नाव फुटण्याची भीती मात्र खरी आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये रांगेत पुढे-मागे ओळखीचेच चेहरे असतात. त्यामुळेच मामा एसटीने तीन तास जाऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रातून गोळ्या आणतात. संमतीशिवाय ही माहिती उघड करायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सगळीकडे पाळला जातो असं मी म्हणणार नाही. पण तक्रार करायला आधार आहे.

मामा परवा केंद्रात जाऊन आले. डॉक्टरांनी रागावलं नाही, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट यायचाय. मेसेज वाचून आणखी कुणी थांबवल्या असतील, तर आजच केंद्रात जा. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. आणि ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर लिहावं की तो खोटा आहे.