मेव्हण्याचा ट्रेलर, आमचा प्लॉट

मेव्हण्याने कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतला तेव्हा आमच्या घरात ताडोबा, पेंच आणि चिखलदरा यांपलीकडे विषय नव्हता. मग त्याची बदली झाली आणि विषय आमच्या बेसा रोडच्या रिकाम्या प्लॉटवर आला. "भाऊजी, उभाच तर राहणार आहे. उभ्या वस्तूला काय लागतं?"

हे नागपुरात विचारू नये. चालत्या गाडीकडे इथे कुणी ढुंकून पाहत नाही. उभ्या गाडीपाशी मात्र लोक खर्रा घोटत थांबतात आणि सल्ला दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

मेव्हण्याने जाता जाता "टायर वाचले पाहिजेत" म्हणून चारी कोपऱ्यांचे जॅक फिरवून ट्रेलर उचलला, चाकं अधांतरी केली आणि विमानतळ गाठला. दुसऱ्या दिवशी ट्रेलरचं दार लागेना. कुलपाची जीभ चौकटीच्या भोकापेक्षा बोटभर वर. "उन्हाने फुगलं असेल," ही म्हणाली. माहेरच्या वस्तूत दोष नसतो, हवामानात असतो.

शेवटी वाडीहून ट्रकचा मिस्त्री आणला. त्याने दाराकडे पाहिलंही नाही, सरळ वाकून खाली पाहिलं. "काहून टांगून ठेवली भाऊ? हे कोपऱ्यातले जॅक आतमधी चालताना गाडी हालू नये म्हणून असते. वजन झेलायले नसते. चेसिसले पीळ पडून रायला न!" म्हणजे आम्ही दाराला तेल देत होतो आणि दुखणं कमरेत, म्हणजे चेसिसच्या खालच्या सांगाड्यात होतं.

दुसरं दुखणं जमिनीत. आमचा प्लॉट काळ्या मातीचा. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो तेव्हा तिला चप्पल अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि जूनमध्ये पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते, मऊ होते. जॅकची थाळी केवढी, तर पोह्यांच्या बशीएवढी. ती अशा मातीत एका बाजूने बसली की ट्रेलर त्या बाजूला कलणारच. मिस्त्रीने आधी मुरूम टाकायला लावला, तो धुम्मसने ठोकून घेतला.

शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त. लिलावात घेतलेला रुळांखालचा लाकडी स्लीपर त्यांनी वर्षानुवर्षं जिवापाड जपला होता. तो कापताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, पण घोड्यांखाली, म्हणजे ट्रेलरचं वजन झेलणाऱ्या स्टँडखाली, त्याचेच रुंद तुकडे गेले. घोड्या चेसिसच्या मुख्य पट्टीखाली, अॅक्सलजवळ. फरशीच्या पत्र्याखाली नाही. त्याआधी चाकांना दोन्हीकडून दगड. हायड्रॉलिक जॅकवर ट्रेलर उचललेला असताना काका "जरा बघतो" म्हणत डोकं आत घालायला गेले, तर मिस्त्री ओरडलाच, "जॅक उचलायले असते, थांबवायले नसते! सील गेलं त थेट खाली येते!" रेल्वेच्या माणसाला असं कुणी पहिल्यांदाच मागे ओढलं असावं.

मग पाणसळ आली, आणि तिच्याबरोबर वाद. मला बुडबुडा बरोबर मध्ये हवा होता. मिस्त्री म्हणाला, ट्रेलरचं तोंड बोटभर वर ठेवा, नाही तर छतावर तळं साचेल. काका म्हणाले, उतार मागे नको, पुढे द्या. खर्रावाले दोघं-तिघं मतदानाला तयारच होते. मिस्त्रीने कुणालाही न विचारता तोंड वर केलं, कोपऱ्यातले जॅक नुसते टेकवले आणि दार ढकललं. खट्! लागलं.

फोटो पाहून मेव्हण्याचा लगेच फोन आला. "वा, भाऊजी! आता वजन घोड्यांवरच आहे, तर चाकं काढूनच टाका न. टायर उन्हात चिरतात, सावलीत ठेवायचे असतात. तायडे, तुझ्या दिवाणाखाली मावतील ना?"

मी तोंड उघडायच्या आत ही दिवाणाखालच्या गाद्या बाहेर काढत होती.