तीन दुणे सहा

पुण्याच्या कट्ट्यांवरून सध्या एकच कुरकुर कानावर येते: "अमेरिकेतसुद्धा आता डबा इंजिनं आली." निमित्त डॉज चार्जर या अमेरिकी गाडीचं. जुनी व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची चार्जर 2023 च्या डिसेंबरात बंद झाली. नवी आली ती एक विजेवरची आणि दुसरी तीन लिटरची, सहा सिलिंडरची. तेव्हापासून हेमी, म्हणजे डॉजचं ते आठ सिलिंडरचं इंजिन, परत येणार का, यावर इथल्या डेट्रॉइटपेक्षा कोथरूडमध्ये जास्त पैजा लागतात. आणि बोलणं दरवेळी घसरतं ते स्वतःच्या गाडीवर: त्यांनी आठाचे सहा केले, आपल्याला तर तीनवरच गुंडाळलं. नुसतं शिलाई मशीन!

त्या सहाचं बॉनेट उघडून एक्झॉस्टच्या बाजूला डोकवा. दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे) आहेत, एक पुढच्या तिघांचा, एक मागच्या तिघांचा. टर्बोच्या नजरेनं ती शेजारी बसवलेली दीड-दीड लिटरची तीन सिलिंडरची दोन इंजिनंच. कारण साधं आहे. तिघांत दर 240 अंशांनी एक धक्का येतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हही साधारण तेवढाच वेळ उघडा असतो, त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. चार सिलिंडरांत हे अंतर 180 वर येतं आणि नळ्या वेगळ्या करण्याची कसरत करावी लागते. एकट्या तिनाचा दोष म्हणजे इंजिन पुढे-मागे डोलतं. तिनाची दोन इंजिनं पाठीला पाठ लावून बसवली की ते डोलणं आपसात जिरतं. आणि व्ही-एटच्या ज्या गुरगुरण्यावर जीव टाकता, ते क्रँकच्या रचनेमुळे एकेका बाजूला कधी 90, कधी 180, तर कधी 270 अंशांनी पडणाऱ्या धक्क्यांचं आहे. बेतालपणाचंच कौतुक आहे ते!

हेमीच्या अफवांना जोर आला तो 2025 च्या जुलैपासून, इंधनक्षमतेचे नियम मोडल्याचा दंड कायद्यानं शून्यावर आणला तेव्हा. पण आकडे मांडा. रॅम या पिकअपमध्ये परतलेली 5.7 लिटरची हेमी देते 395 हॉर्सपॉवर, जुनी 6.4 देत होती 485. चार्जरची साधी सहाच 420 देते, वरची 550. म्हणजे गाडी आणखी जोरकस करायची तर सुपरचार्जरवाली 6.2 आणावी लागेल, जी 707 पासून सुरू व्हायची. नुसत्या आवाजासाठी 6.4 पुरे. 5.7 बसवली तर मात्र ते बॅज विकणं झालं. शिवाय हेमीची टिकटिक इथं सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिन थंड असताना वाजून गरम झाल्यावर थांबली तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटलेला असतो. थांबली नाही तर व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरचा रोलर अडकून कॅमचा दांडा खातोय का ते बघा, नाहीतर खिसा रिकामा.

वरच्या सहाला इथल्या पंपावरचं 91 ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, म्हणजे तुमच्या मापात 95-96. मोजायची रीत वेगळी आहे, तेव्हा 'अमेरिकेत भिकार पेट्रोल' म्हणायची घाई नको.

आपल्याकडे तीन सिलिंडरची इंजिनं मरतात ती चालवण्यानं. 1200 आरपीएमवर चौथा गियर, पाय खाली, कात्रजचा चढ, आणि वर मायलेज वाचवल्याचं समाधान! थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगीआधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तडकते. गियर उतरवा, 2000 च्या वर ठेवा. मॅन्युअलमधला ग्रेड आणि डब्यावर एपीआय एसपी ही दर्जाची खूण बघूनच तेल घ्या. घाट चढून थांबलात की मिनिटभर इंजिन चालू ठेवायला काही जात नाही.

हे सगळं इथून सांगणं सोपं आहे, हेही कबूल करतो. हिंजवडीच्या रांगेत आयडलवर स्टिअरिंगमधून तळहाताला येणाऱ्या मुंग्या इथं पोचत नाहीत. इथल्या वुडवर्ड रस्त्यावर कुणी बारा-शे सीसीला हसलं की माझ्या तोंडून 'आमचं चाकण' निघतं, आणि पुण्यातून कुणी चार्जरला हसलं की 'आमचं डेट्रॉइट'. वर पेट्रोलच्या परिच्छेदात 'तुमच्या मापात' असं लिहून गेलोय आणि लगेच खाली 'आपल्याकडे'. एक काहीतरी खोडायला हवं होतं. राहू दे.