आकडा जुना दिसतो म्हणून सर्व्हर असुरक्षित ठरत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 'लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच ९.८ पेक्षा जुनं असेल तर सर्व्हर हॅकर्सना मोकळा आहे. डिस्ट्रोवाले जुना माल खपवतात. त्यांचं पॅकेज काढून सोर्सवरून नवीन बसवा. स्कॅनरचा लाल रिपोर्ट हाच पुरावा. निदान व्हर्जन तरी लपवा.' (ओपनएसएसएच म्हणजे दूरवरून सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचं सॉफ्टवेअर. डिस्ट्रो म्हणजे रेड हॅटसारखं तयार, पॅकेजेससह मिळणारं लिनक्स. सोर्स म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड. स्कॅनर म्हणजे सर्व्हरमधल्या त्रुटी शोधणारं साधन.) माझा मावसभाऊ एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. संचालकांनी त्याला हे पाठवलं आणि त्याने ते अमलातही आणलं. आता मात्र गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा आकड्याचा. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधलं सीव्हीई-२०२४-६३८७ हे सुरक्षेतलं भोक जाहीर केलं (सीव्हीई म्हणजे अशा भोकाचा नोंदणी क्रमांक). मूळ प्रकल्पाने ते ९.८ मध्ये बुजवलं, मेसेजमधला आकडा तिथला. रेड हॅट ९ वर तेव्हा ८.७ होतं. त्यांनी दुरुस्तीपुरताच कोड ८.७ मध्ये आणला आणि ८.७पी१-३८.ईएल९_४.१ हे पॅकेज दिलं. पुढचा आकडा तोच राहिला, डॅशनंतरचा बदलला. बॅकपोर्ट म्हणतात तो हाच. पण बाहेरून पोर्टवर विचारलं की असा सर्व्हर फक्त 'ओपनएसएसएच_८.७' एवढंच सांगतो, डॅशनंतरचं सांगतच नाही. मग नुसतं हे उत्तर, म्हणजे बॅनर, वाचणाऱ्या स्कॅनरला पॅच (ती दुरुस्ती) बसलाय की नाही हे कळणार कुठून? त्याचा लाल रंग हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. सर्व्हरवर लॉगिन करून पॅकेज तपासणारं स्कॅन मागा, किंवा आरपीएमच्या (रेड हॅटच्या पॅकेजच्या) चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, तो सीव्हीई क्रमांक शोधा. मिनिटभराचं काम आहे.

आणखी एक. रेड हॅट ८ वरच्या ८.० ला हे भोक लागूच नव्हतं! २००६ मध्ये बुजवलेली चूक ८.५ मध्ये पुन्हा शिरली होती. म्हणजे इथे जुना आकडाच सुरक्षित होता.

आता सगळ्यात घातक सल्ला: पॅकेज बाजूला सारून सोर्सवरून बसवा. भावाने ९.८ कंपाइल केलं, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बनवलं, ते यूएसआर-लोकल या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं. आता डीएनएफ अपडेट (पॅकेजेस अद्ययावत करणारी कमांड) चालवलं तर डिस्ट्रोची एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) अद्ययावत होते, पण चालू असते ती ही दुसरीच. तिला यापुढे एकही पॅच आपोआप येणार नाही. शिवाय ओपनएसएसएच कंपाइल करताना पॅमचा (लॉगिनचे नियम लावणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो दिला नव्हता. त्यामुळे चुकीचे पासवर्ड टाकत राहिलं की खातं लॉक व्हायचं, तो नियमच एसएसएचपुरता निघून गेला. पतसंस्थेच्या सर्व्हरवर! आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-२६४६६ जाहीर झालं: सर्व्हरची मेमरी आणि सीपीयू खाऊन तो अडवून ठेवता येतो. ते लागू आहे ९.५ ते ९.९ ला. म्हणजे बाजूला सारलेल्या ८.७ मध्ये ते नव्हतं, हौसेने बसवलेल्या ९.८ मध्ये आहे. हा सल्ला पुढे ढकलणाऱ्यांनी या सर्व्हरची जबाबदारी घ्यावी.

'जुना माल' या आरोपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. बॅकपोर्ट मिळतात ते सपोर्ट चालू असेपर्यंतच. सेंटओएस ७ (रेड हॅटवरून बनवलेलं मोफत लिनक्स) चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. त्यावर अजून बसून असाल तर भीती खरी आहे, पण तिथे उपाय अख्खी सिस्टीम बदलण्याचा आहे, एकटं ओपनएसएसएच बदलून भागत नाही. किरकोळ धोक्याची भोकं डिस्ट्रो कधीकधी बुजवतही नाहीत. आणि पॅकेज अपडेट झालं तरी जुनी प्रोसेस चालूच राहिली असेल तर पॅचचा उपयोग शून्य, म्हणून सर्व्हिस रीस्टार्ट झाली का ते बघा.

व्हर्जन लपवण्याबद्दल काय बोलायचं? आपोआप हल्ले करणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याचदा आकडा वाचतच नाहीत, थेट हल्ला करून बघतात.