चौकातला डॉल्फिन हलवण्याची रीत

आपल्या बंदरगावच्या चौकातला सिमेंटचा डॉल्फिन रस्तारुंदीकरणाच्या आड येत असेल, तर तो हलवण्यासाठी संध्याकाळचीच वेळ निवडावी. हर्णैसारख्या बंदरावर तेव्हा मासळीचा लिलाव रंगात असतो, बर्फाचे टेम्पो उभे असतात आणि पर्यटक पापलेटचा भाव विचारत हिंडत असतात. पहाटे रस्ता बंद करून एवढे मोठे काम उरकले, तर ते पाहणार कोण?

वजन काढण्याच्या भानगडीत पडू नये. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २,४०० किलो भरते, म्हणजे दोन घनमीटरचा डॉल्फिन पाच टनांच्या घरात जातो, हा हिशेब शाळकरी मुलगीही करील. परंतु गावातल्या जाणत्याने मूर्तीच्या पोटावर थाप मारून ‘पोकळ आहे’ असा निर्वाळा दिल्यानंतर आकडेमोड करणे हा त्याचा अपमान होय. क्रेन १२ टनांची मागवली की चिंता मिटली. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जसजशी लांबवावी तसतशी क्रेनची ताकद झपाट्याने घटते, हे केबिनमधल्या तक्त्यावर लिहिलेले असते खरे, पण त्यावर सहसा देवाचा फोटो चिकटवलेला असतो.

मूर्ती उचलण्याचे पट्टे आखूड घ्यावेत. आखूडपणामुळे दोन पट्टे आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करू लागले की प्रत्येकावर निम्मा नव्हे, तर अख्ख्या मूर्तीच्या वजनाएवढा ताण येतो. तथापि लांब पट्ट्यांचे भाडे वाचते, ही बाजूही पाहावी. पट्टे शेपटीलाच बांधावेत. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगली असेल आणि शेपटीला भेगा पडल्या असतील, तर त्या बुजवून वर निळा रंग द्यावा. फोटो चांगला येतो.

क्रेनच्या पायांखाली लाकडी ओंडके घालण्याचा हट्ट धरू नये. चौकाखालून गटार नेमके कुठून गेले आहे, ते पाय खचल्यावर आपोआप समजते. उचललेली मूर्ती भोवंडू नये म्हणून दूर उभे राहून दोर धरणारी दोन माणसे लागतात. त्यांना मजुरी द्यावी लागते, आणि मूर्तीच्या बरोब्बर खाली उभे राहून ‘काय नाय होत’ म्हणणारी सात माणसे मात्र फुकट मिळतात. नारळ फोडण्यात तेवढी कुचराई नको.

नवा चौथरा बांधलेला नसल्यास डॉल्फिन ग्रामपंचायतीच्या आवारात कुशीवर ठेवून, मिरगाआधी त्यावर ताडपत्री घालावी. चौथरा गणपतीपर्यंत होईल असे सांगावे. कोणत्या वर्षीच्या गणपतीपर्यंत, हे कागदावर आणू नये.