हळदीच्या गोदामाबद्दल आपण दिलेल्या दोन स्टारला आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

आपला रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागाच्या भरात चार ओळी जास्तच गेल्या, म्हणून खोडल्या. काल दिवसभर साइटची फाइल काढून बसलो. आता लिहितोय.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सांगलीत ६० बाय १२० फुटांचं पत्र्याचं गोदाम आणि पुढच्या बाजूला ऑफिस, असं हे काम. आपलं म्हणणं असं की १० महिन्यांचे १४ झाले, न विचारता उंची वाढवून बिल फुगवलं, जीएसटी मागाहून लावला, माल हलका वापरला, कोब्याला तडे गेले, पहिल्याच पावसात पत्रा गळला आणि भूमिपूजनानंतर मालक फिरकला नाही.

तड्यांचं आधी, कारण तिथे मला बोलायला तोंड नाही. काँक्रीट वाळताना आकसतं आणि कुठेतरी फुटतंच. ते वाट्टेल तिथे फुटू नये म्हणून कटरने खाचा मारतात, म्हणजे फुटलं तरी खाचेत फुटतं. आपल्या ६ इंची ट्रिमिक्सला, म्हणजे जादा पाणी ओढून काढलेल्या काँक्रीटच्या कोब्याला, दीड इंच खोल खाच हवी, साधारण १४ फुटांवर एक, आणि ती दुसऱ्या दिवसाच्या आत. मागच्या दोन पट्ट्यांना ती तिसऱ्या दिवशी पडली. ब्लेड गेलं होतं, दुसरं यायला वेळ लागला, आणि एप्रिलचं ऊन काही आमच्यासाठी थांबलं नाही. ब्लेड जादा ठेवायला हवं होतं, ठेवलं नव्हतं. वर आमच्या सुपरवायझरने आपल्याला सांगितलं की केसासारखे तडे आहेत, चालतंय. घराच्या पार्किंगला चालेल. जिथे दिवसभर हमालांच्या हातगाड्या फिरतात तिथे चाकाखाली तड्याच्या कडा तुटत जातात आणि वर्षभरात केसाचं बोट होतं. त्या दोन पट्ट्या आम्ही दुरुस्त करून देणार. तडे व्ही आकारात कापून इपॉक्सी भरायचं, आणि जिथे कडा आत्ताच खचल्यात तिथला तुकडा काढून नवा घालायचा. पोती हलवायची हमाली आमच्याकडे.

हलक्या मालाचा आरोप मात्र मान्य नाही. प्रत्येक काँक्रीटला तपासणीचे ६ ठोकळे (क्यूब) भरले, ताकद बघायला ३ सात दिवसांनी फोडले, ३ अठ्ठावीस दिवसांनी. एम-२५ ग्रेडच्या काँक्रीटला जे यायला हवं ते आलंय, लॅबचे रिपोर्ट आपल्या फाइलमध्ये आहेत. नदीची वाळू न घालता क्रशरची वॉश सँड घातली, हे खरं. ते कोटेशनमध्येच लिहिलं होतं आणि त्यात काही हलकं नाही.

आता बिल. पाया ६ फुटांवर धरून रेट दिला होता, कारण रस्त्याकडच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तिथे ६ फुटांवर पक्का मुरूम लागला. मागच्या बाजूला खोदायला गेलो तर ११ फुटांपर्यंत काळी माती. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी भेगाळते की आत मूठ जाते. तिच्यावर फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, ठेवलं असतं तर दोन वर्षांनी भिंती बोलल्या असत्या. म्हणून २२ पैकी ९ फुटिंग खाली मुरमापर्यंत नेली. तो खर्च खरा आहे, आणि मुरूम लागला त्या दिवशी आपण स्वतः खड्ड्यात उतरून पाहिलाय. माझी चूक त्याच्या आधीची. तीन ठिकाणी बोअर घेऊन माती तपासू असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. आपण म्हणालात, एका खड्ड्यात भागवा. मी भागवलं. आग्रह धरायला हवा होता, निदान दोन ओळी लेखी द्यायला हव्या होत्या की पाया खाली गेला तर रेट बदलेल.

उंचीचं चारचौघांत लिहावं की नाही, बराच विचार केला. पण 'न विचारता' हा शब्द आपण वापरलाय, म्हणून लिहितो. आपल्या घरचे वडीलधारे अण्णा रोज संध्याकाळी साइटवर येऊन बसायचे. पाणी मारलं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. प्लिंथच्या वेळी त्यांनीच सांगितलं की जोतं २ फूट वर घ्या. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून हळद गेली ती त्यांनी पाहिलेली. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा आपल्या प्लॉटपुढच्या रस्त्यावर कुठवर पाणी होतं हे त्यांनी मला कुंपणाच्या खांबावर हात ठेवून दाखवलं. माझ्या मते त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, त्यांच्या जागी मीही तेच सांगितलं असतं. पण ऑर्डरवर सही आपली. वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं, मी मान हलवली आणि कामाला लागलो. आपल्याला ते कळलं थेट बिलात. २ फूट म्हणजे किती हे बोलताना लक्षात येत नाही. ६० गुणिले १२० गुणिले २, म्हणजे १४,४०० घनफूट भराव, १०० घनफुटांचा एक ब्रास धरून १४४ ब्रास. तेही दाबून. सुटा मुरूम १८० ब्रासच्या आसपास लागला. ९-९ इंचांचे थर, पाणी, रोलर, शिवाय ट्रक चढायचा रॅम्प लांबला तो वेगळा. आकडा अवाजवी नाही, पण तो काम झाल्यावर कळावा असाही नव्हता.

जीएसटीचंही तसंच. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत 'जीएसटी वेगळा' छापलेलं आहे, तेव्हा मागाहून लावला असं म्हणता येणार नाही. तरी मी मनाशी धरून चाललो की व्यापारी माणूस आहे, वळता करून घेईल. तिथेच चुकलो. स्वतःच्या इमारतीच्या बांधकामावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, ते १८ टक्के खिशातूनच जातात. हे आपल्याला सीएने सांगितलं, मी पहिल्या बैठकीत सांगायला हवं होतं. आता आम्ही कोटेशनमध्ये करासकट आकडा वर, ठळक लिहितो.

चार महिन्यांच्या उशिरातले ७ आठवडे पाया आणि भरावाचे. जुलैत ओल्या मुरमावर रोलर चालत नाही, त्यात आणखी ५ गेले. राहिलेले ५ आमचे. आमचे सेंट्रिंगवाले दुसऱ्या साइटवर अडकले आणि आपण रोज रिकामी साइट पाहिलीत. मात्र ऑफिसच्या स्लॅबनंतर १४ दिवस टेकू तसेच होते, त्याला 'काम बंद' म्हणू नका. साडेचार मीटरच्या वर स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, असला की तेवढे दिवस टेकू काढायचे नसतात. तेव्हा एकटा माणूस पाणी मारताना दिसायचा, पण काम चालूच होतं.

पत्रा गळला तो वरच्या दोन गरगर फिरणाऱ्या पंख्यांखाली. ते पंखे दुसऱ्या पार्टीने आमच्यानंतर बसवले, भोकं त्यांनी पाडली. आम्ही ती सील करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण त्या पावसात आपले तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. घरात लग्न होतं. संध्याकाळी उलट फोन करता आला असता, केला नाही. 'फिरकला नाही' हे तेवढं खरं नाही, आठवड्यातून एकदा सकाळी ७ ला मी साइटवर असायचो. त्या वेळी आपण नसायचात, आणि मी यार्डात येऊन भेटलो नाही.

५ टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून हमी म्हणून राखलेली रक्कम, आपल्याकडे आहे, ते आपल्याकडेच ठेवा. वर्षभराची जबाबदारी जूनपर्यंत आहेच, पण त्या दोन पट्ट्यांची दुरुस्ती आपल्या मनासारखी होईपर्यंत मी ती रक्कम मागणार नाही, मग जून उलटला तरी. नवी हळद यायच्या आत, डिसेंबरात अर्धं गोदाम रिकामं करून मिळालं तर ८ दिवसांत एक बाजू होईल, मग दुसरी. रविवारी सकाळी भरावाच्या पावत्या आणि मोजमापाचं पुस्तक घेऊन दुकानी येतो. अण्णाही असतील तर बरं, पण बोलणं आपल्याशी आणि सहीही आपलीच.